एका बोटीवर दोन जातीच्या टाक्या: चार दिवसांच्या डाइव्ह ट्रिपचा हिशेब

चार दिवस, समुद्रात दहा डाइव्ह (बुड्या). बोटीवर अ‍ॅल्युमिनियमच्या ‘80’ आणि स्टीलच्या 12 लिटर अशा श्वासाच्या हवेच्या दोन जातीच्या टाक्या होत्या, हाताला लागेल ती घ्यायची. अशा बोटीवर जाणार असाल तर निर्मात्याच्या तक्त्यावर विसंबू नका, टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे वाचा. पाण्याची क्षमता (आतली जागा, लिटरमध्ये), कामाचा दाब आणि शेवटच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीची) तारीख, एवढं पुरतं.

‘80’ (घनफूट) हे नुसतं नाव आहे. आत 11.1 लिटर जागा आणि 207 बार दाब (1 बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). गुणाकार केला तर 2298 लिटर येतात, पण प्रत्यक्षात हवा 77.4 घनफूट, म्हणजे 2190 लिटरच्या आसपास. कंपनी खोटं बोलते असं नाही. या दाबाला हवा आदर्श वायूसारखी दबत नाही, म्हणून गुणाकारातून पाचेक टक्के वजा करायचे. 300 बारच्या टाकीत हीच तूट दहा टक्क्यांच्या घरात जाते. स्टीलच्या 12 लिटरवर 232 बार ठोकलेलं होतं, पण बोटीवर भरून मिळायचे 200च. तेव्हा 232चा हिशेब कागदावरच राहिला.

त्यातही गरम भरलेली टाकी फसवते. कॉम्प्रेसरवरून उतरली तेव्हा 50 अंश असेल आणि गेजवर 200 बार दिसले, तर 28 अंशांच्या पाण्यात 186च उरतात. गळती शोधत बसू नका. दाब डाइव्हच्या तोंडावर, टाकी थंड झाल्यावर बघा आणि किती बार उरल्यावर परतायचं तो आकडा त्यावरून ठरवा.

खरी फजिती होते ती तरंगण्याच्या आकड्यांत. अ‍ॅल्युमिनियम 80 भरलेली असताना साधारण 0.6 किलो खाली ओढते आणि पूर्ण रिकामी झाली की 2 किलो वर उचलते. फरक म्हणजे आतल्या हवेचंच वजन, 2.6 किलो. पण हा ‘रिकामी’चा आकडा शून्य बारचा. सेफ्टी स्टॉपला (वर येताना पाच मीटरवर थांबतो तेव्हा) 50 बार असतात, म्हणजे अजून 0.65 किलो हवा आत. शिवाय काही तक्ते व्हॉल्व्हचं वजन धरतात, काही धरत नाहीत, आणि पितळी व्हॉल्व्ह पाण्यात पाऊण किलोच्या आसपास भरतो. स्टीलची टाकी शेवटी रिकामी झाली तरी सहसा जडच राहते. त्यामुळे स्टीलवर जमवलेला वेट बेल्ट (कमरेचा शिशाच्या वजनांचा पट्टा) अ‍ॅल्युमिनियमवर कमी पडतो, आणि ते कळतं पाच मीटरवर, वर ओढले जाताना.

बोटीवरच खात्री करता येते. 50 बार उरलेली टाकी दोरीला बांधा, खाली 3 किलो शिसं अडकवा, पूर्ण बुडवा आणि स्प्रिंग काट्यावर वाचा. त्या शिशाचं वजनही समुद्राच्या पाण्यात 2.73 किलोच भरतं, हे विसरलात तर पाव किलोची चूक. काटा 2 दाखवत असेल तर टाकी 0.73 किलो वर उचलतेय. एका जातीची एकच टाकी मोजू नका. अ‍ॅल्युमिनियममध्येही निर्मात्यानुसार भिंतीची जाडी बदलते.

व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली तर आट्यांचं माप वाचून बघा. एम25 (25 मिमी) आणि पाऊण इंची आटे एकमेकांत थोडे बसल्यासारखे वाटतात. टाकी भरताना असा न जुळणारा व्हॉल्व्ह गोळीसारखा उडू शकतो.