लेथवरचा प्रकाश : चोकच्या ट्यूबकडून एलईडीकडे

सांगलीतील आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ (वस्तू गोल फिरवत ठेवून तासण्याचे यंत्र), ड्रिल मशीन आणि सुतारकामाचे टेबल आहे. तेथील ३६ वॅटच्या चारही ट्यूब उतरवून २० वॅटच्या एलईडी बॅटन (ट्यूबसारखे लांबट दिवे) बसवण्याचे काम पूर्ण झाले असून आता फक्त टेबलावरचा दिवा राहिला आहे. चोकमध्ये वाया जाणारी वीज धरता जुनी प्रत्येक ट्यूब ४५ वॅटच्या आसपास खात असे, त्यामुळे बचत होणारच. परंतु हा बदल मी बिलासाठी नव्हे, लेथसाठी केला.

५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर तांब्याच्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा प्रखर आणि मंद होते. लेथवर वस्तू पकडून फिरवणारा चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर दोन चमकांमधल्या अवकाशात तो बरोबर पाव फेरी पूर्ण करतो, एका जबड्याच्या जागी दुसरा येतो आणि चक थांबल्याचा भास होतो. माझी मोटर १४४० फेऱ्यांची आहे. पट्टा सारख्या व्यासाच्या पुल्यांवर असला, म्हणजे चकही तेवढ्याच वेगाने फिरत असला, की जबडे उलट्या दिशेने, सेकंदाला एक फेरी इतक्या संथपणे सरकताना दिसत. तशा वेळी कॅलिपर घेऊन हात पुढे जाणे किती घातक आहे, हे लेथवर उभे राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

केवळ एलईडी लावल्याने हा दोष जात नाही, हे मात्र आवर्जून सांगतो. ट्यूबच्या आतील लेपाची चमक क्षणभर टिकते, तर एलईडी प्रवाहाच्या चढउताराला जवळजवळ तत्काळ प्रतिसाद देते. म्हणून स्वस्त ड्रायव्हरची (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटची) बॅटन चोकच्या ट्यूबइतकीच, कधी तिच्याहूनही अधिक लुकलुकते. खरेदीच्या वेळी मोबाइलच्या कॅमेऱ्याचा शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवून पेटलेल्या बॅटनकडे धरावा. पडद्यावर काळे आडवे पट्टे सरकले, तर ती बॅटन लेथवर लावू नये. वॅट आणि किंमत यांपेक्षा मला हीच कसोटी महत्त्वाची वाटते.

उन्हाळ्यात पत्रा तापतो आणि ड्रायव्हरमधील कपॅसिटर उष्णतेने लवकर निकामी होतात, म्हणून बॅटन छताला न चिकटवता फूटभर खाली अँगलवर घेतल्या. टेबलावरची बॅटन पुढच्या कडेच्या किंचित आत आहे. ती पाठीमागे असती, तर डोक्याची सावली थेट रेघोटीवर पडली असती. जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवणाऱ्यांनी मेन स्विच बंद करून, ट्यूबसोबतच्या आकृतीप्रमाणे जोडणी करावी आणि चोक काढला असल्यास तशी चिठ्ठी पट्टीवर चिकटवावी, म्हणजे पुढे कोणी तीत साधी ट्यूब घालणार नाही. उतरवलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो. त्या न फोडता ई-कचऱ्यात द्याव्यात.

चार बॅटनचे मिळून सुमारे ८००० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप) १३ चौरस मीटरवर पसरतात. त्यातले निम्मे टेबलापर्यंत पोचतात असे धरले, तरी हिशेब ३०० लक्सच्या (दर चौरस मीटरवर पडणाऱ्या ल्युमेनच्या) आसपास येतो आणि बारीक आखणीला किमान ५०० हवेत. त्यासाठी ४००० केल्विनचा (ना पिवळा, ना निळसर अशा पांढऱ्या प्रकाशाचा), ९० सीआरआयचा (रंग जवळजवळ खरे दाखवणारा), हलवता येणारा दिवा डाव्या बाजूला लावणार आहे. त्याचा प्रकाश सागाच्या फळीवर अगदी तिरका पडला की पॉलिश पेपरचे आडवे ओरखडे पॉलिश चढवण्यापूर्वीच दिसतील.