कुत्रा अंगण उकरतो? आधी खड्डा नीट बघा

कुत्रा माती उकरतो ती तुमच्यावर राग काढायला नव्हे. का उकरतो, हे बहुतेक वेळा खड्ड्यावरूनच कळतं.

सावलीत, नळाजवळ उथळ, अंग मावेल एवढा खड्डा असेल तर त्याला उकाडा सोसत नाहीये. एप्रिल-मे महिन्यांत हे हमखास दिसतं. त्याला शिकवत बसू नका. ओलं गोणपाट आणि गार पाणी द्या, दुपारी घरात घ्या. भिंतीलगत अरुंद, खोल खड्डा आणि त्यात नाक खुपसलेलं, म्हणजे खाली घूस आहे. तिचा बंदोबस्त पिंजऱ्याने करा, विषाने नको. विष खाल्लेली घूस कुत्र्याने खाल्ली तर त्यालाही विषबाधा होऊ शकते. कुंपणाखालून बोगदा निघत असेल तर त्याला बाहेर पडायचंय. नर असेल तर नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. मादी गाभण असेल तर ती पिल्लांसाठी जागा करतेय, तिला आडोशाला खोकं द्या.

नुकतंच खत घातलेले वाफेच उकरत असेल तर वासामुळे. हाडांचा चुरा आणि मासळीचं खत त्याला खाऊच वाटतं. एरंडीची पेंड मात्र घरात आणूच नका. ती कुत्री आवडीने खातात आणि तिच्यातल्या रायसिन या विषामुळे जीव जाऊ शकतो. पेंड खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी उलटी-जुलाबाची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा.

यातलं काहीच नसेल तर कंटाळा किंवा जात. डॅशहुंड, बीगल उकरणारच. त्यांची सवय मोडत बसण्यापेक्षा त्यांना हक्काची जागा द्या.

सावलीत ४ फूट लांब, ३ फूट रुंद, दीड फूट खोल हौदा करा, कडेला विटा लावा. सव्वा फुटापर्यंत वाळू आणि माती निम्मी-निम्मी भरा. सिमेंटच्या रिकाम्या गोणीने साधारण १२ गोण्या लागतात. नुसती वाळू ढासळते आणि उकरण्यातली मजा जाते. रात्री ताडपत्री टाका, नाहीतर मांजरं घाण करतात.

पहिले काही दिवस त्याच्यासमोरच खेळणं अर्धवट पुरा. तो पंजा मारतो त्याच क्षणी "उकर" म्हणा आणि बिस्किटाचा तुकडा द्या. मग खेळणं ४ इंच खोल, पुढे ८ इंच. या काळात तो अंगणात एकटा नको, १५ फुटी दोरी लावलेली असू द्या. दुसरीकडे पंजा पडला की ओरडू नका. नाव घेऊन बोलवा, हौद्यावर न्या, तिथे उकरलं की शाबासकी. तासाभराने खड्डा दाखवून मारलंत तर त्याला काही उमगत नाही, तो फक्त तुम्हाला घाबरायला लागतो.

जुन्या खड्ड्यांच्या जागी मातीखाली २ इंचांवर कोंबड्यांची जाळी अंथरा. कापलेल्या कडा खाली वळवा, नाहीतर पंजे फाटतात. मिरचीपूड, फिनाईल टाकू नका. डोळे-नाक भाजतं आणि तो शेजारी नवा खड्डा काढतो.

अंगणात सोडण्याआधी रोज सकाळी अर्धा तास फिरवा. वाटेत त्याला मनसोक्त हुंगू द्या, ओढत नेऊ नका.