फट कुणाची होती

एका मिठाईवाल्यांचे कुंद्याचे पाऊच बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या लॅबमध्ये आले. आठवड्यातच कुंद्याला वास येत होता. फिल्म पाच थरांची: बाहेरून-आतून पॉलिथिन, मधोमध ऑक्सिजन अडवणारं नायलॉन आणि त्यांना धरून ठेवणारे दोन चिकट थर. सगळं मिळून 80 मायक्रॉन, केसाच्या जाडीएवढं. लोक असलं सँपल घडी घालून खिशातून आणतात आणि तासाभरात निकाल मागतात.

मी फिल्म एपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेत, उभी बसवली, 24 तास थांबले. झटपट घट्ट होणारं एपॉक्सी तापतं, म्हणून ते मी वापरत नाही. मग मायक्रोटोमवर, म्हणजे अगदी पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर, काप घेतले. नायलॉनच्या एका अंगाला काळी, सरळ फट! पाच काप, पाचही तसेच. मी फोन केला, "थर सुटलेत ओ." त्याच संध्याकाळी मालकांनी फिल्मवाल्यांचे रोल परत पाठवले.

रात्री डोक्यातून एक गोष्ट जाईना. एवढी सुटलेली फिल्म नखानं सोलायला हवी होती, आणि ती सुटत नव्हती. सकाळी तोच एपॉक्सीचा ब्लॉक अर्धा फेरा फिरवून बसवला. फट नायलॉनच्या दुसऱ्या अंगाला गेली. म्हणजे ती माझ्या पात्यानं पाडली होती. पातं मी थरांना आडवं चालवलं होतं. मऊ पॉलिथिन त्याच्याबरोबर ओढलं गेलं आणि ताठ नायलॉनपासून फाटलं.

गाईम्हशींना कृत्रिम रेतन करणाऱ्या एका अण्णांकडून द्रव नायट्रोजन आणला, उणे 196 अंशांचा. ब्लॉक गार केला, पातंही गार केलं. पातं कोमट राहिलं तर पॉलिथिन पुन्हा ओढतं. यावेळी पातं थरांच्या लांबीनं चालवलं. कांद्याच्या पापुद्र्यासारखा वळलेला काप काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसानं उचलला. पाचही थर एकमेकांना घट्ट धरून होते.

मग पाऊचच्या सीलचा काप घेतला. सुरकुती पडलेल्या जागी आरपार मोकळी नळी होती. भरताना तिथं तूप लागलं असावं.

मालक म्हणाले, "बघतो की ओ ताई." फिल्मवाल्यांना मी स्वतः फोन करून चूक सांगितली. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पातं कुठल्या दिशेनं चालवलं ते रिपोर्टात लिहिता का तुम्ही?"

लिहीत नव्हते.