आधी पीआयसीयूचा बेड, मग इंजेक्शन

आमच्या लेकीच्या जिभेवर साबुदाण्यासारखे पाणीदार फोड होते. लिम्फॅन्जिओमा म्हणतात त्याला, लसिकावाहिन्यांची गाठ, कॅन्सर नव्हे. सर्दी झाली की जीभ फुगून दातांबाहेर यायची. एमआरआय, रक्त, भूलतज्ज्ञांची भेट सगळं कोल्हापुरातच बिनबोभाट पार पडलं. गाठीत ब्लिओमायसीनचं, म्हणजे गाठ आकसवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन द्यायचं ठरलं.

अडलं ते पीआयसीयूच्या, म्हणजे लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाच्या बेडवर. सर्जननी बजावलं होतं, "इंजेक्शननंतर जीभ आधी सुजते, मग बसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज जोरात असते. पीआयसीयूचा बेड पक्का नसेल तर मी पोरीला टेबलावर घेणार नाही." लहान मुलांची श्वासाची वाट मुळातच अरुंद आणि तोंडाच्या मानाने जीभ मोठी, सूज घशाकडे सरकली की वाट बंद. हे अ‍ॅडमिशन काउंटरला पटेना. "ताई, साधी गाठ आहे, डे-केअरमध्ये बसतंय. बेड लागला तर बघू." फॉर्मवर 'अपेक्षित मुक्काम' या रकान्यात त्यांनी स्वतःच 'एक दिवस' लिहून टाकलं होतं. खोडायला सांगितलं तर डॉक्टरांची सही आणा, सही आणली तर शिक्का नाही, शिक्का आणला तर साहेब जेवायला गेलेत. लेक उपाशीपोटी मांडीवर रडत होती. भूल द्यायची म्हणून पाणीही देता येत नव्हतं. शेवटी सर्जननीच लेटरहेडवर 'पीआयसीयू बेड आणि व्हेंटिलेटर राखीव' असं लिहून दिलं. राजारामपुरीतून झेरॉक्स काढून आणली, एक काउंटरला, एक पीआयसीयूच्या सिस्टरना दिली. तेव्हा कुठे बेडवर नाव लागलं. तुम्ही हे पहिल्याच भेटीत लिहून घ्या, तोंडी शब्दावर राहू नका.

दुसऱ्या दिवशी जीभ ओठांबाहेर आली, लाळ गिळवेना, श्वासाला घरघर लागली. पीआयसीयूतच होतो म्हणून लगेच स्टेरॉइड दिलं, नळी घातली. सूज उतरल्यावरच काढली.

लाळ गळणं, आवाज बदलणं, गळ्याखालचा खळगा आत ओढला जाणं, यातलं काहीही दिसलं की सिस्टरना हाका मारा. मॉनिटरवर ऑक्सिजन चांगला दिसतोय म्हणून थांबू नका, तो आकडा उशिरा घसरतो. बाळाला जबरदस्तीने आडवं पाडू नका, उशाकडची बाजू उंच ठेवा. आणि हो, ब्लिओमायसीननंतर चिकटपट्ट्या ओरबाडून काढू देऊ नका, तिथे काळे डाग राहतात.

पुढचं इंजेक्शन बाकी आहे. त्याची बेडची चिठ्ठी, सहीशिक्क्यासह, मी आत्ताच घेऊन ठेवलीय.