फ्रीजवरचा श्रीखंडाचा डबा

गेल्या महिन्यात फ्रीज पुसताना वरचा डबा अंगावर पडला. श्रीखंडाचा जुना मोठा डबा, सांगलीत कुणाच्या घरात नसतो सांगा. फक्त आमच्यातल्या डब्यात भडंग नाही, गोळ्या. फरशीवर सगळं पसरलं तसं मोजायलाच बसले तर बाटल्या-पाकिटं-पुड्या धरून एकोणीस, आणि त्यातली बीपीची, शुगरची, थायरॉईडची अशी खरी औषधं फक्त पाच. बाकी सगळं "ताकदीचं". लेकाच्या पावडरचा बुधला तर डब्यात मावतच नाही म्हणून ओट्यावर वेगळा उभा.

मी डॉक्टर नाही हां, विश्रामबागला एका शाळेत गणित शिकवते. पण एवढा पसारा बघून एक कागद घेतला आणि प्रत्येक पाकिटासमोर लिहीत गेले, हे कुणी सुरू केलं, कशासाठी, कधी, आणि बंद कधी करायचं. पहिले तीन रकाने कसेबसे भरले. चौथा पूर्ण कोरा. म्हणजे आमच्या घरात गोळी सुरू होते, बंद होतच नाही, ती फक्त संपते आणि मग कुणीतरी येताना नवीन पाकीट घेऊन येतं.

यातली सगळ्यात मोठी गंमत (आता गंमत म्हणते, तेव्हा घाम फुटला होता) अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. मागच्या वर्षी पाय दुखतात म्हणून तपासणी केली, व्हिटॅमिन डी ११ आलं. साधारण २० च्या खाली म्हणजे कमतरता, ३० च्या वर असलं की बरं, म्हणजे गोळी देणं बरोबरच होतं. डॉक्टरांनी साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एक, आठ आठवडे, असं लिहून दिलं. आठ आठवडे झाले, पाय जरा हलके वाटायला लागले, मग अप्पांनी ठरवलं की गुण येतोय तर थांबायचं कशाला. जुनी चिठ्ठी दाखवायची, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला द्यायचा, असं चांगलं दहा महिने चाललं. दर रविवारी रात्री जेवण झालं की दुधातनं पुडी, एकादशी चुकेल पण पुडी नाही.

मग पोट साफ होईना, तहान तहान व्हायला लागली, आम्हाला वाटलं उन्हाळा आहे. तपासलं तर डी ११८! लॅबच्या कागदावर वरची मर्यादा १०० लिहिलेली. डॉक्टरांनी लगेच रक्तातलं कॅल्शियम बघायला लावलं कारण खरी भीती तिथं असते, डी फार झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मग मुतखडा, उलट्या, किडनीवर ताण असं सगळं मागं लागू शकतं. नशीब, कॅल्शियम वरच्या मर्यादेला टेकून थांबलं होतं. पुडी बंद, पाणी भरपूर, सहा आठवड्यांनी परत तपासणी.

"अप्पा, आठ म्हणजे आठ सांगितलेलं नव्हतं का मी?" डॉक्टर म्हणाले. अप्पा म्हणतात कसे, "व्हय, पण बंद करा असं कुठं म्हणाला होता?"

घरी येऊन मी हिशोब मांडला. आयसीएमआरच्या (म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट डी सांगितलंय. म्हणजे साठ हजाराची एक पुडी म्हणजे शंभर दिवसांचा कोटा. डी हे तेला-तुपात विरघळणारं व्हिटॅमिन, शरीर ते चरबीत साठवून ठेवतं, म्हणून तर आठवड्यातून एकदा घेऊन चालतं, आणि म्हणूनच जास्त झालं तर बी-कॉम्प्लेक्ससारखं लघवीवाटे पिवळं होऊन निघून जात नाही. साठत राहतं. पतसंस्थेतल्या ठेवीसारखं, फक्त इथं ठेव वाढली की दंड. काही लोक तर चुकून ही पुडी आठवड्याऐवजी रोज घेतात, ते अजून वाईट. मेडिकलमधनं आणताना "रोज का आठवड्याला" हे पाकिटावर पेनानं लिहून घ्यायला काय जातं?

आणि बरं का, अप्पा रोज पहाटे सहाला आमराईत फेऱ्या मारतात, तरी डी कमी कसं, हे त्यांना पटतच नव्हतं. पहाटे सहाला ऊन कुठलं, त्यात फुल बाह्यांचा स्वेटर आणि कानटोपी. कातडीत डी तयार व्हायला जे किरण लागतात ते साधारण अकरा ते दुपारी दोन-तीनच्या उन्हात जास्त असतात, कोवळ्या उन्हात फार कमी. हे डॉक्टरांनी सांगितल्यावर अप्पा गप्प झाले, पण मनातनं हललेले दिसले.

सासूबाईंचं प्रकरण वेगळंच. त्यांना थायरॉईडची गोळी आहे, सकाळी उपाशीपोटी. टीएसएच (थायरॉईड कमी पडला की वाढतो तो रक्तातला आकडा) खाली येईना, उलट चारावरून नऊवर गेलं, डॉक्टरांनी डोस पन्नासचा पंच्याहत्तर केला, तरी तेच. शेवटी मी सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरात उभी राहिले तेव्हा कळलं. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकाच घोटात, वर चहा. "दोनदा पाणी कशाला प्यायचं गं" हे कारण. कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, ती रक्तात नीट जातच नाही, त्यामुळं दोन्हींत चार तास तरी अंतर हवं. आता कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, आणि चहा गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासानं. दोन महिन्यांत टीएसएच चारच्या आत आलं, डोस परत कमी झाला. म्हणजे औषध वाढवायची गरजच नव्हती, वेळ बदलायची होती.

लोहाचं पण तसंच, भाचीला गोळ्या चालू होत्या आणि जेवण झालं की लगेच कडक चहा, हिमोग्लोबिन वाढणार कसं. लिंबू पिळून खा, चहा तासाभरानं घे, एवढंच सांगितलं. काळी शी होते म्हणून घाबरली होती, ते नॉर्मल आहे.

आता हळद. मोठे दीर न्यूजर्सीला असतात, दिवाळीत येताना अप्पांच्या गुडघ्यांसाठी हळदीच्या कॅप्सूलची बाटली घेऊन आले. सांगलीत! जिथल्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, जिथं हरिपूरला जमिनीत पेवं खोदून वर्षानुवर्षं हळद साठवायचे, त्या गावात डॉलर मोजून आणलेली हळद. सासूबाई बाटली उलटीपालटी करून म्हणाल्या, "आत्ता गं बया, ह्याला वासच नाही की."

हसून झाल्यावर मी लेबल वाचलं. साध्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिच्यातला मुख्य पिवळा घटक, साधारण शंभरात तीन भाग, आणि ह्या पाचशे मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये पंच्याण्णव टक्के. हिशोब केला तर एक कॅप्सूल म्हणजे जवळपास पंधरा-सोळा ग्रॅम हळद, आणि वर त्यात मिरीचा अर्क, जेणेकरून ती रक्तात जास्त उतरावी. आमटीत आपण चिमूट टाकतो हो. मग "हळदच आहे, काय होतंय" हे वाक्य इथं लागूच पडत नाही. इटलीत आणि अमेरिकेत अशा जादा ताकदीच्या हळदीच्या गोळ्यांनी लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. अप्पांना रक्त पातळ करायची गोळी आहे, त्यांच्या बाबतीत तर विचारल्याशिवाय नकोच. डॉक्टर नको म्हणाले. दिरांना वाईट वाटू नये म्हणून बाटली अजून शोकेसमध्ये आहे.

आमच्या भिशीत एक वहिनी पावडर विकतात, कुठली ते लिहीत नाही. गुडघे, शुगर, वजन, थकवा, सगळ्यावर तीच, आणि दर महिन्याला कुणीतरी "मला फार फरक पडला" सांगायला उभं असतं. एकदा मी डबा हातात घेतला, चष्मा लावला. मागं बारीक अक्षरात लिहिलेलं की हे औषधी वापरासाठी नाही. हे कंपनीनं मोठ्या मनानं लिहिलेलं नसतं, आपल्या कायद्यात हेल्थ सप्लिमेंट हे औषधात नाही, खाद्यपदार्थात मोडतं, ते एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या अखत्यारीत येतं आणि तसं छापायलाच लागतं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या महिन्यात मला कुणी भेळ वाढली नाही.

त्याच भिशीतली मैत्रीण केसांसाठी बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) खात होती आणि तिच्या थायरॉईडच्या रिपोर्टमध्ये भलतंच आलं, थायरॉईड वाढलाय असं. जास्त डोसचं बायोटिन काही लॅब टेस्टमध्ये घोळ घालतं, अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ लाच तसा इशारा दिलाय, हार्ट अटॅक ओळखायची जी ट्रोपोनिन टेस्ट असते तीसुद्धा चुकू शकते. डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस बायोटिन थांबवून परत टेस्ट केली, सगळं व्यवस्थित. रक्त द्यायला जाताना काय काय खाताय ते लॅबवाल्याला सांगायचं, हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं.

एवढं वाचून वाटेल ही बाई गोळ्यांच्या विरुद्ध आहे. अजिबात नाही, मी स्वतः बी१२ घेते आणि आता बहुतेक घेतच राहणार. तीन वर्षांपूर्वी पायाला मुंग्या यायच्या, फळ्यासमोर उभं राहिलं की तळवे बधिर, जीभ लालभडक. तपासलं, बी१२ दोनशेच्या खाली म्हणजे कमी, माझं १३२. आम्ही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि बी१२ भाजीपाल्यात, डाळीत नसतंच, ते दूध-दही, अंडी, मासे, मटण ह्यांतच. माझं दूध म्हणजे चहापुरतं. त्याआधी वर्षभर मी मनानंच फॉलिक ॲसिडची गोळी खात होते, ते तर उलटं काम झालं असतं, कारण नुसत्या फॉलिकनं रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी१२ अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं. इंजेक्शनं झाली, मग गोळी, चार महिन्यांत मुंग्या गेल्या. आमच्या ह्यांना शुगरची मेटफॉर्मिन चालू आहे बारा वर्षं, त्यानं पण बी१२ कमी होऊ शकतं म्हणून त्यांचंही तपासलं, जेमतेम होतं. माझ्या समोरच्या चौथ्या रकान्यात आता लिहिलंय, बंद नाही, वर्षातनं एकदा तपासणी.

राहिला लेकाचा बुधला. त्याच्याशी भांडले नाही, गणित घातलं. वजन साठ किलो, साध्या माणसाला किलोमागं पाऊण-एक ग्रॅम प्रोटीन लागतं, जिमवाल्याला जरा जास्त, धर ऐंशी-नव्वद ग्रॅम. मग दिवसभराचं खाणं लिही म्हटलं. वाटीभर मटकीची उसळ, दही, दूध, शेंगदाणे, पनीर धरून साहेब साठपर्यंत पोचले. म्हणजे एक स्कूप पंचवीस ग्रॅम प्रोटीनचा, तो घेतला तर समजू शकते, तीन स्कूप कशाला? २०२४ ला आयसीएमआरच्याच पोषण संस्थेनं (एनआयएन) तर अंग कमवायला प्रोटीनच्या पावडरी टाळा असंच सांगितलंय. आणि व्हे म्हणजे तरी काय, चीज-पनीर करताना खाली उरतं त्या पाण्यातलं प्रोटीन काढून वाळवलेलं. माझी आजी पनीरच्या, चक्क्याच्या पाण्यात कणीक मळायची. हे ऐकून त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सध्या एका स्कूपवर तह झालाय, आणि डब्यावरचा एफएसएसएआयचा चौदा आकडी लायसन्स नंबर तपासून घ्यायचा ही माझी अट.

एकोणीसची सात झालीत. कागद फ्रीजच्या दारावर लावलाय, चौथ्या रकान्यात प्रत्येकासमोर तारीख किंवा "डॉक्टरांना विचारणे". अप्पांचं डी परत मोजलं, उतरतंय, पुडी सध्या नाही. त्याऐवजी ते बंडीवर पेपर घेऊन साडेअकराला गच्चीत जाऊन बसतात, वीस मिनिटं, घड्याळ लावून. सासूबाईंनी पहिल्या दिवशी बघितलं, दुसऱ्या दिवशी कुरडयांचा चादरीभर घाणा त्यांच्यासमोर आणून पसरला आणि हातात कावळे हाकायला काठी दिली.