चॅटममधलं छप्पर

लंडनहून ट्रेननं चाळीसेक मिनिटांत चॅटम येतं. मेडवे नदीकाठची ही गोदी शाही नौदलानं 1984मध्ये बंद केली. आता तिथं संग्रहालय आहे. बहुतेक लोक पाणबुडीत शिरायला येतात. तिथली रांग बघून मी उलट्या बाजूला वळलो आणि तीन नंबरच्या स्लिपमध्ये शिरलो. पुढचे दोन तास तिथंच गेले.

स्लिप म्हणजे नदीकडे उतरत जाणारा ओटा. त्यावर पठाण, म्हणजे जहाजाच्या तळाचा लांब कणा, ठेवून जहाज उभं करायचं आणि तयार झालं की घसरवत पाण्यात सोडायचं. पण इथं बघायचं ते वर. 1838 साली उभारलेलं हे अवाढव्य लाकडी छप्पर. खांबांतून फुटलेल्या तिरप्या तुळया वर जाऊन एकमेकींत अडकतात, छपरातल्या ओळीनं बसवलेल्या खिडक्यांतून उजेड खाली झिरपतो. मान दुखेपर्यंत बघत राहिलो.

एवढा खटाटोप कशासाठी? जहाज कुजू नये म्हणून! ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची युद्धनौका ‘व्हिक्टरी’ याच गोदीतली. तिची पठाण 1759मध्ये ठेवली, ती पाण्यात उतरली 1765मध्ये. एवढी वर्षं ओकचा सांगाडा उघड्यावर, आणि पाऊस इंग्लंडचा. काही जहाजं समुद्र बघण्याआधीच आतून कुजू लागायची. मग कधीतरी त्यांना छप्पर सुचलं. आपल्याकडे कोकणात होडीवर झावळ्यांचा मांडव घालतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त सरकारी खर्चानं.

गंमत म्हणजे छप्पर टिकलं, काम गेलं. लोखंडी जहाजं आली, लांबी वाढली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्लिप बुजवून वर पोलादी मजला टाकला. त्या मजल्यावर जहाजांच्या छोट्या होड्या ठेवत. मला मात्र तो मजला आवडला. त्यावर चढलं की तुळया अगदी जवळून दिसतात.

शेजारच्या स्लिपांवरची छपरं लोखंडी आहेत. कौतुक करण्यासारखी, पण माझं मन काही तिथं रमलं नाही. दोरखान्यात मात्र जरूर जा. 346 मीटर लांब दालन, आणि दोर आजही तिथंच वळतात. जितका लांब दोर, तितकी लांब इमारत, इतकं सरळ गणित.

निघताना एका वयस्क स्वयंसेवकानं विचारलं, कुठले तुम्ही? मुंबई म्हणालो, तर लगेच म्हणाला, “टीक!” सागवान. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 साली बांधलेली सागवानी युद्धनौका ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे, हे त्याला तोंडपाठ. मी इतकी वर्षं मुंबईच्या त्या गोदीच्या लायन गेटवरून ये-जा केली. पण नौदलाचा परिसर, त्यामुळे आतली ती जुनी गोदी एकदाही पाहिलेली नाही. हे काही मी त्याला सांगितलं नाही.