निवेदक कोण आहे?

‘‘आत्या, रविवारी ऑर्केस्ट्राला येतेस?’’ असं विचारल्यावर तिचा पहिला प्रश्न आला, ‘‘निवेदक कोण आहे?’’

चूक माझीच. ठाण्यात ऑर्केस्ट्रा म्हणजे गडकरी रंगायतन, चमचमत्या कोटातला ‘व्हॉइस ऑफ किशोर’, ढोलकीला वन्स मोअर आणि दोन गाण्यांच्या मध्ये तेच ते विनोद करणारा निवेदक. मी तिला नेणार होतो मुंबईत नरिमन पॉइंटला, एनसीपीए या कलाकेंद्रात, २००६ साली सुरू झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलीला.

‘‘निवेदक नाही? मग काय वाजवतायत ते कळायचं कसं?’’ असं म्हणत का होईना, ती आली.

आधी ओबोवाल्याने, म्हणजे सनईसारखं वाद्य वाजवणाऱ्याने, एकच सूर लांबवला. आत्याचं आयुष्य पेटी शिकवण्यात गेलंय. माझ्या कानाशी लागून ती म्हणाली, ‘‘पांढरी सहा.’’ म्हणजे पेटीची सहावी पांढरी पट्टी. बरोबर. पाश्चात्त्यांचा ए, साधारण ४४० हर्ट्‌झचा. अख्खा वाद्यवृंद त्या सुरावर जुळतो. ती खूश झाली, पण समोरच्या स्टँडवरचे कागद दिसल्यावर तिचा चेहरा उतरला. ‘‘अरे, बघून वाजवतात? पाठ नाही यांचं?’’

सिम्फनी म्हणजे अनेक भागांची एकच लांब रचना. तिचा पहिला भाग संपला आणि आत्याने मनापासून टाळ्या वाजवल्या. एकटीने. पुढच्या रांगेतल्या दोन माना वळल्या. सिम्फनीच्या दोन भागांमध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणे. आमच्याकडे समेला ‘क्या बात है’ आलं नाही तर गवई खट्टू होतो. मी आत्याच्या बाजूचा.

मध्यंतरात बटाटावडा नव्हता, ही उणीव नोंदवून ठेवतो. सँडविच हातात तसंच धरून ती म्हणाली, ‘‘हे व्हायोलिनवाले मी साठ वर्षं रेडिओवर ऐकतेय रे. आज पहिल्यांदा दिसले.’’

खरंच की! सिनेमातल्या गाण्यांमागे हीच व्हायोलिनची फौज असायची. त्यात गोव्याचे वादक पुष्कळ, तेही असेच नोटेशन बघून वाजवणारे. त्यांच्यातल्याच अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आपले राग, पाश्चात्त्य वाद्यमेळ आणि सोबत गायला लता मंगेशकर, मन्ना डे! लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गुरूचं नाव आलं, आणि तो खराखुरा माणूस आहे याचा आम्हा ऐकणाऱ्यांना पत्ताच नाही.

आता गडकरीत ती सगळी फौज की-बोर्डवरच्या एका बटणात बसते. ‘स्ट्रिंग्ज’ लिहिलेलं असतं त्यावर. आवाज येतो, नाही असं नाही. पण व्हायोलिनचे तीस गज एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात, ते बटणातून कसं दिसणार?

परतीच्या लोकलमध्ये आत्या गप्पच होती. झोप लागली असेल म्हणून मी बघितलं, तर बोटांवर काहीतरी मोजत होती. मुलुंड गेल्यावर म्हणाली, ‘‘गडकरीच्या स्टेजवर पन्नास खुर्च्या कशाबशा मावतील. ते मोठे नगारे तेवढे विंगेत ठेवावे लागतील.’’

मग जरा थांबून, ‘‘आणि निवेदक हवाच.’’